बोका मॉनिटरवरून उठतो तेव्हा

काकांनी भंगारवाल्याला गुरुवारी संध्याकाळी बोलावलंय, हे भिंगरीला सोमवारी सकाळी कळलं, तेही जिन्यात. काकांची ही खोडच होती. महत्त्वाची गोष्ट ते नेहमी जिन्यात सांगत. समोरच्याला भांडायचं असलं तरी नीट उभं राहायला जागा नको!

"मशीन आणि तो डबा, दोन्ही एकदमच नेईल," उतरता उतरता ते म्हणाले. "ताईला सांगितलंय मी."

"मग? आत्या काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

हे ऐकून मात्र भिंगरीच्या काळजात चर्र झालं. आत्या आणि काही नाही म्हणाली? जी बाई चहात साखर कमी पडली तरी दोन वाक्यं बोलल्याशिवाय कप खाली ठेवत नाही, ती आपलं विणकामाचं मशीन भंगारात जातंय म्हटल्यावर गप्प बसली? भिंगरी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावली. लहानपणापासून ती अशीच गरगर फिरायची, म्हणून तर आत्यानं तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं आणि आता ती चांगली नोकरी करणारी बाई झाली तरी ते काही सुटलं नव्हतं.

वरची खोली म्हणजे आत्याचं राज्य. एका भिंतीला लोकरीची रिळं रंगवारीनं लावलेली, खिडकीखाली चिंध्यांचं खोकं, मधोमध ते लांबलचक मशीन, ज्याच्या शेकडो सुयांवरून एक लोखंडी गाडा खटॅक-खटॅक करत इकडून तिकडे धावायचा. आणि मशीनच्या डोक्याशी टेबलावर तो कॉम्प्युटर. पिवळा पडलेला, पुढून टीव्हीसारखा, मागून पोत्यासारखा फुगलेला. त्या मॉनिटरच्या पाठीवर एक तांबूस बोका कायमचा पसरलेला. मॉनिटर तापायचा आणि बोक्याला ऊब लागायची, असा दोघांचा सरळ व्यवहार होता.

गाड्यानं कुठली सुई उचलायची आणि कुठली सोडायची, हे तो कॉम्प्युटर मशीनला सांगायचा. त्यासाठीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरवर चालत नव्हता. ज्यांनी तो बनवला त्यांनी केव्हाच दुकान गुंडाळलं होतं. आणि त्याच्या पोटातल्या डिस्कवर होती आत्याची उभ्या आयुष्याची नक्षी. पानं, लाटा, पक्ष्यांच्या रांगा, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. एकेक चौकट रंगवत, डोळे फोडून काढलेली.

डोळे फोडून हे नुसतं म्हणायला नाही. आत्याला आता समोरचं मधोमध धूसर दिसायचं. सुईत दोरा ती बोटांनी ओवायची आणि माणूस आवाजावरून ओळखायची.

"पंधरवड्यापूर्वी नक्षीची यादी उघडेनाशी झाली," आत्या म्हणाली. ती मशीनशेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. "कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं कान लावून डिस्कची कुरकुर ऐकली आणि म्हणाला, मेली. गेला निघून."

"आणि तू मान हलवलीस?"

"मग काय करू? पुन्हा काढायची तर हात आहेत गं माझे. डोळे कुठून आणू?"

भिंगरीला असं भरून आलं की तिला रागच आला. राग आला की ती कामाला लागायची, हा तिचा स्वभाव. ती एका मोठ्या ऑफिसात दिवसभर फोनवर बसून लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकायची आणि त्यांतल्या निम्म्या लोकांना एकच औषध सांगायची, बंद करून पुन्हा चालू करा. या आठवड्यात ती आठ दिवसांची रजा काढून इथे लोळायला आली होती. लोळणं राहिलं बाजूला. ती थेट खाली गेली आणि काकांना जिन्यातच गाठलं.

"गुरुवारी भंगारवाला आला आणि तोवर मशीननं हातभर विणून दाखवलं, तर?"

"तर त्याला चहा पाजून परत पाठवीन," काका म्हणाले. "पण नाही विणलं, तर तू मध्ये बोलायचं नाहीस. कबूल?"

"कबूल!"

कबूल म्हणायला काय लागतं! खरी गंमत पुढेच होती.

डिस्कची निगा राखणारी दोन हत्यारं त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. एक तपासणारं: डिस्कच्या कानाकोपऱ्यात हिंडून कुठली जागा खराब झालीय ते शोधायचं, तिथलं वाचवता येईल ते उचलून चांगल्या जागी ठेवायचं आणि खराब जागेवर खूण करायचं. दुसरं आवरणारं: विस्कटलेला पसारा नीट लावायचं. भिंगरीला पहिलं हवं होतं. तिनं ते सुरू केलं. डिस्क कुरकुरली, किती तपासून झालं ते दाखवणारी पट्टी सरकू लागली, आणि थोडी पुढे गेली नाही तोच पडद्यावर ओळ आली की डिस्कवरचा मजकूर बदलला आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

"अरे, पण बदलला कुणी?" भिंगरी पडद्यावर ओरडली. बोक्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

पुन्हा सुरुवात. पुन्हा थोडं पुढे. पुन्हा तीच ओळ. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पडद्यावर मासे पोहायचे ते चित्र, कोपऱ्यातलं घड्याळ, प्रिंटरची वाट बघत बसलेला एक प्रोग्रॅम, सगळे आतल्या आत डिस्कवर काहीबाही लिहीत होते. आपण एकीकडून फरशी पुसत यावं आणि पोरांनी मागून चिखलाच्या पायांनी नाचावं, तसं चाललं होतं. तिनं एकेकाला हाकललं. मासे बंद, घड्याळ बंद, प्रिंटरवाला बंद. तरी ओळ आलीच. मग तिनं कॉम्प्युटर अशा रीतीनं सुरू केला की त्यात अगदी गरजेपुरतंच काय ते जागं राहावं. काळा पडदा, निळी चौकट आणि पिवळी पट्टी. ती पट्टी सरकत राहिली, सरकतच राहिली!

"आत्या, चाललं! आता नाही थांबत!"

"मला आवाजावरून कळतंय," आत्या म्हणाली. ती खुर्ची सरकवून जवळ आली होती. "कुरकुर बदलली. आधी ती रडत होती, आता कुरबुरतेय."

दुपारी काकांनी खालून हाक मारली. भिंगरी ताटं मांडायला धावत खाली गेली, तेव्हा पट्टी निम्म्याच्या आसपास होती. जेवून ती वर आली, तेव्हा पट्टी कोपऱ्यात नखाएवढी. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा!

आता सांगा, माणसानं काय समजावं? तपासणारं हत्यार सकाळभर मागे फिरत होतं ते आत कुणीतरी लुडबुड करतंय म्हणून. मग दुपारीही ते मागे फिरलं, तर तेच कारण असणार, नाही का? भिंगरीनं तेच धरलं आणि लुडबुड्याच्या मागे लागली. दुपार त्यातच गेली. संध्याकाळ झाली की वरची वीज बंद करायची, हा घरचा कायदा होता, आणि तो मोडायची सोय नव्हती. पूर्वी आत्याचं काम दुसऱ्या एका जागेत चालायचं. तिथे एकदा सगळे जेवायला बसलेले असताना तारा जळल्या, लोकर धुमसली आणि काका आत धावले. त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंतचा तो चुरगळलेला डाग अजून होता. म्हणून काका भर उन्हातही लांब बाह्यांचा सदरा घालत.

मंगळवारी भिंगरीनं उंदीर काढला, म्हणजे कॉम्प्युटरचा, बोक्याच्या कामाचा नव्हे. बुधवारी तिनं पेटी उघडून आतली धूळ फुंकली, मशीनकडे जाणारी वायर काढली, डिस्कला जोडणारी चपटी वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. दोन्ही दिवस सकाळी पट्टी तुफान पुढे सरकायची आणि जेवून येऊन बघावं तर नखाएवढी. ती ऑफिसातल्या मित्रांना फोन करकरून विचारायची. एकजण म्हणाला, बंद करून पुन्हा चालू करून बघ. तिनं फोन ठेवून दिला.

"जाऊ दे गं," बुधवारी रात्री जेवताना आत्या म्हणाली. "तू केलंस तेवढं पुष्कळ झालं."

"अजून उद्याचा दिवस आहे," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज काही तितका पक्का नव्हता. काका ताटात बघत जेवत राहिले. ते दुष्ट नव्हते. बहीण रोज त्या मुक्या मशीनपाशी जाऊन बसते, हे त्यांना बघवत नव्हतं, एवढंच होतं. पण हे ते जिन्यातसुद्धा कधी बोलले नसते.

गुरुवारी सकाळी पट्टी नेहमीपेक्षा जोरात होती. डिस्कनं जणू मनावर घेतलं होतं. जेवायला हाक आली तेव्हा ती निम्म्याच्या पार पुढे गेली होती, आणि भिंगरीचा पाय खोलीतून निघेना. "मी नाही जेवत," ती म्हणाली. पण आत्या कसली ऐकते! "उपाशी राहून का ती पट्टी पळणार आहे? हो पुढे, ताटं मांड. मी आलेच चष्मा ठेवून."

भिंगरी खाली गेली. चार घास कसेबसे गिळून, सगळ्यांची ताटं विसळून, हात अर्धवट पुसत ती जिना चढून वर आली. आत्या तिच्या आधीच येऊन खुर्चीत बसली होती, रोजच्यासारखी.

पट्टी नखाएवढी होती.

भिंगरी मटकन खाली बसली, रिळांच्या भिंतीला पाठ टेकून. संपलं. तिला रडूही येईना. समोर खिडकीखाली चिंध्यांच्या खोक्यात बोका उन्हात अंग चाटत बसला होता. त्याच्याकडे बघत ती नुसती बसून राहिली. किती निवांत असतो हा! सकाळपासून मॉनिटरवर, आता खोक्यात. कालही जेवून आल्यावर खोक्यातच होता. परवाही.

ती ताठ झाली.

दिवसभर मॉनिटरवर पडून राहणारा हा आळशी गोळा रोज दुपारीच का उठतो? जेवायला तर तो खाली येत नाही दुपारी. ऊन तर खिडकीत सकाळपासून असतं. तो मॉनिटरवर बसतो ऊब मिळते म्हणून. आणि उठतो कधी?

ती उडी मारून उठली आणि तिनं मॉनिटरच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून चालू असलेला मॉनिटर चटका बसेल इतका तापलेला हवा. तो कोमट होता. नुसता कोमट!

"आत्या!" ती इतक्या जोरात ओरडली की बोका खोक्यातून उडाला. "हत्यार मागे फिरत नाहीये! आत कुणी लुडबुड करत नाहीये! कॉम्प्युटरच बंद होतोय! जेवायच्या वेळी कुणीतरी वीज बंद करतंय आणि नंतर चालू करतंय! याचं बटण खटक्याचं आहे, ते दाबलेलंच राहतं, म्हणून वीज आली की हा आपोआप उठतो, आपण नीट बंद झालो नव्हतो हे त्याला कळतं, आणि तो पहिल्यापासून तपासायला बसतो!"

"अगं, पण वीज कोण बंद करेल?" आत्या म्हणाली. "काका तर आपल्यासोबत जेवतो."

"सगळ्यात शेवटी कोण खाली येतं?"

"मी."

"आणि सगळ्यात आधी वर कोण जातं?"

"मीच. पण मी कशाला बंद करू? मी हातसुद्धा लावत नाही त्या कॉम्प्युटरला!"

ती खोटं बोलत नव्हती. आत्याला खोटं बोलायला जमतच नसे, तिचे कान लाल व्हायचे. भिंगरी दाराकडे बघत राहिली. दाराच्या चौकटीला लागून, बरोबर खांद्याच्या उंचीवर, अख्ख्या मजल्याचं मेन होतं. लोखंडी पेटी आणि तिचा काळा दांडा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

"आत्या, एक कर. मी खाली जेवायला गेलेय असं समज. तू रोज उठतेस तशी ऊठ आणि रोजच्यासारखी दाराबाहेर जा. विचार नको करूस."

"हे काय नाटक आता?"

"कर ना!"

आत्या उठली. तिनं चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी मशीनच्या कडेला ठेवली. खुर्ची आत सरकवली. दारापर्यंत गेली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला, आणि तिचा उजवा हात, तिच्याकडे न बघताच, वर गेला आणि दांडा खाली आला. खट्!

पंखा थांबला. पडदा विझला. डिस्कची कुरकुर एका लांब सुस्काऱ्यात बसत गेली.

आत्या दारात उभी होती. तो आवाज तिनं रोज केला होता आणि आज पहिल्यांदा ऐकला. तिनं आपला हात डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, जिथे तिला थोडं दिसायचं, आणि उलटसुलट करून बघितला.

"हा माझा हात?" ती म्हणाली.

"हो गं."

"रोज?"

"रोज. वर आलीस की वर करतेस, जाताना खाली. तुझ्या लक्षातच येत नाही."

आत्या हळूच खुर्चीत बसली. तिचा चेहरा पडला. "म्हणजे डिस्कसुद्धा मीच मारली. दुपारी काम अर्धवट ठेवून जेवायला जायचे मी, कॉम्प्युटर तसाच चालू. इतकी वर्षं. आणि मी मेल्या कंपनीला शिव्या देत होते."

पण भिंगरीच्या अंगात आता वारं शिरलं होतं. "आत्या, तुला कळतंय का? मेली नाहीये डिस्क! मेली असती तर पट्टी एवढी पुढे गेलीच नसती! ती रोज बिचारी निम्म्याच्या पुढे जाऊन येत होती! दोष तिचा नाही, या हाताचा आहे. आणि हात काय, धरता येतो!"

आत्यानं नाक ओढलं. मग तिनं लोकरीच्या रिळांकडे हात केला. "लाल दे. जाड."

"कशाला?"

"बांध मला. हा हात खुर्चीला बांध. माझा त्याच्यावर काडीचा भरवसा नाही आता."

भिंगरी हसत सुटली. आत्याही हसली, डोळे पुसत. भिंगरीनं खरंच लाल लोकरीनं आत्याचं मनगट खुर्चीच्या दांड्याला बांधलं, मेन वर केलं, आणि पिवळी पट्टी पहिल्यापासून निघाली.

हिशेब सरळ होता. पट्टी अशीच चालली तर दिवेलागणीच्या सुमारास टोकाला पोचणार. भंगारवाला त्याआधी येणार. मधल्या वेळात काकांना तोंड द्यायचं.

भंगारवाला आला तेव्हा पट्टी पाऊण झाली होती. काका त्याला वर घेऊन आले. तो एक हसऱ्या चेहऱ्याचा, रुंद खांद्यांचा माणूस होता. त्यानं मशीनकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं, मॉनिटरवर पुन्हा येऊन पसरलेल्या बोक्याकडे बघितलं.

"हाही द्यायचाय का?"

"थांबा!" भिंगरी म्हणाली. "अजून संध्याकाळ संपली नाही."

"ताई, तुझा हात का बांधलाय?" काका.

"तो चोर आहे," आत्या म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. काका ऐकत राहिले. भंगारवाला जमिनीवर मांडी ठोकून बसला आणि पट्टीकडे बघायला लागला.

"टोकाला गेली की काय होणार?" त्यानं विचारलं.

"मग कळेल," भिंगरी म्हणाली.

"बघतो मग. मी रोज मेलेली यंत्रं उचलतो. एखादं उठताना कधी बघितलं नाही."

चहा आला, चहा संपला. पट्टी सरकत होती. खराब जागा सापडली की कॉम्प्युटर टक-टक-टक करायचा, सगळ्यांचे श्वास अडकायचे, मग तो खूण करून पुढे जायचा आणि भंगारवाला मांडीवर थाप मारायचा. शेवटचा तुकडा उरला. आणि तिथे घोडं अडलं. टक-टक-टक. टक-टक-टक. पट्टी हलेना. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. टक-टक-टक.

"बास," काका म्हणाले. "बास झालं, भिंगरी. तिला आशेला लावू नकोस. मला बघवत नाही हे." आणि ते ताडकन उठून दाराकडे गेले, आणि त्यांचा हात मेनकडे गेला.

"हात खाली!"

आत्या उभी राहिली होती. लाल लोकर ताणली, तुटली, खुर्ची कलंडली. चाचपडत, मशीनची कड धरत ती दारापर्यंत गेली आणि भाऊ आणि मेन यांच्या मधे उभी राहिली. तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली, बरोबर त्या डागावर.

"तू त्या दिवशी आगीत धावलास," ती म्हणाली, "त्या दिवसापासून मी हे मेन पाडत आलेय. मला कळतसुद्धा नव्हतं पाडतेय ते. लोकर जळू नये म्हणून नाही रे. तू पुन्हा आत धावू नयेस म्हणून. इतकी वर्षं तुझ्यासाठी खाली केलं. आज माझ्यासाठी वर राहू दे."

काकांनी हात खाली घेतला. मग त्यांनी कलंडलेली खुर्ची उचलली, मेनच्या खाली भिंतीला लावून ठेवली, आणि बहिणीला तिच्यावर बसवून स्वतः शेजारी जमिनीवर बसले.

टक-टक-टक. टक.

कुरर्र.

"सरकली!" भंगारवाला ओरडला. तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. "सरकली, सरकली!"

सरकली, आणि टोकाला गेली! पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, कॉम्प्युटर नीट उठला. भिंगरीनं काढलेल्या वायरी जोडल्या, उंदीर जोडला. घाईघाईत तिनं एक टोक दोनदा उलटं बसवलं. प्रोग्रॅम उघडला. तिनं नक्षीच्या यादीवर टिचकी मारली आणि डोळे मिटून घेतले.

"आली का?" आत्यानं विचारलं. "अगं बोल! मला दिसत नाही ते माहीत आहे ना तुला!"

भिंगरीनं डोळे उघडले. सुरुवातीची दोन-चार नावं वेडीवाकडी, भलतीच अक्षरं झालेली. ती गेली होती, कायमची. पण त्यांच्याखाली पानं होती. लाटा होत्या. पक्ष्यांची रांग, लहान डोंगर, मोठा डोंगर, ओळीमागून ओळ, पडदा खाली खाली सरकवत न्यावा तरी संपेनात.

"आली," ती म्हणाली, आणि आता तिला रडू आलं. "आली गं, आत्या!"

"पक्षी लाव," आत्या म्हणाली. तिनं स्वतः उठून बोटांनी सुया चाचपल्या, लोकर ओवली. पांढरी, आणि पक्ष्यांसाठी ती लालच. गाडा एकदा अडखळला, आणि मग खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक, जुन्या चालीनं धावायला लागला. मशीनच्या पोटाखालून विणलेलं कापड बोटबोट उतरू लागलं. हातभर झालं तेव्हा भंगारवाल्यानं ते तळहातावर घेऊन दिव्याखाली धरलं. पांढऱ्यावर लाल पक्षी, एकामागे एक.

"हे मी नाही नेत बुवा," तो म्हणाला. काकांनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कोपऱ्यातला बंद पडलेला पंखा दिला. तो खूश होऊन गेला.

डिस्क वाचली होती, पण तिच्यावर आता विसंबून राहायचं नव्हतं. भिंगरीनं दुसरी डिस्क आणून ठेवली होती. तिनं सगळी नक्षी तिच्यावर उतरवून घ्यायला लावली. कॉम्प्युटर म्हातारा, बिचारा एकेक पान सावकाश उचलून ठेवत होता. तेवढ्यात खालून काकांनी जेवायला हाक मारली.

"मी बसते इथे," भिंगरी म्हणाली.

"काही नको. चल," आत्या म्हणाली. "तू हो पुढे. ताटं मांड."

भिंगरीनं तिच्याकडे बघितलं. मग ती निघाली. जिन्याच्या मधल्या पायरीवर मात्र तिचा पाय थबकला. वर आत्यानं चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज आला. खुर्ची आत सरकल्याचा आवाज आला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. बराच वेळ थांबली. भिंगरीनं कठडा घट्ट धरला.

मग पावलं जिन्यावर आली. मनगटाला तुटक्या लाल लोकरीचं कडं तसंच होतं.

खाली काकांनी ताटं वाढली होती. ते सवयीनं म्हणाले, "मेन पाडलंस ना, ताई?" आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच आठवलं, आणि त्यांचा डाव हातातच राहिला.

आत्यानं हात धुतले. ती पाटावर बसली आणि तिनं ताट जवळ ओढलं.

काकांनी कोपऱ्यात बघितलं. रात्रीच्या जेवणाला जो न बोलावता हजर असायचा, त्याची वाटी तशीच भरलेली होती.

"बोका कुठाय?" त्यांनी विचारलं.

"वरच आहे," आत्या म्हणाली.